दोन मिनिटांचा कोट

"कात्री खाली ठेव! आधी ती कात्री खाली ठेव!"

लॉन्सेस्टन शहरातल्या जुन्या कपड्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकताच टॅमसिन अशी ओरडली, की पाचही टेबलांवरचे हात थबकले. ज्याच्यावर ती ओरडली तो उंच, विस्कटलेल्या केसांचा तरुण मात्र शांत होता. त्याच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात... तिचा पिवळा रेनकोट!

"कोट तुझा आहे का?"

"हो! म्हणजे... नाही. मी घालत नव्हते. पण डिझाइन माझं आहे."

"अच्छा—" त्याने कात्री ठेवली, हात पँटला पुसले आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं. "म्हणजे ती तू! सात महिने मी तुला शिव्या घालतोय."

टॅमसिनचे कान तापले. भांडायची जय्यत तयारी झाली होती, पण त्याच्या डोळ्यांत हसू होतं, आणि हसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं हे तिला कधीच जमलं नव्हतं.

त्याचं नाव ब्रॅम. लोकांनी दान दिलेले कपडे तो निवडायचा. धडके दुकानात जात, फाटक्यांच्या चिंध्या होत, लोकरीच्यांचं पुन्हा सूत निघे, आणि ज्यांचं काहीच होत नसे ते सरळ कचऱ्याच्या खड्ड्यात. एका कपड्यासाठी त्याच्या हातात दोन मिनिटं असत, त्याहून एक क्षण जास्त नाही.

"हा बघ तुझा लाडका," त्याने कोट उलटा केला. "बाहेर उत्तम सुती कापड, आत अस्सल लोकर. आणि दोन्ही एकमेकांना चिकटवून टाकलेत! वेगळे करायला अर्धा तास लागतो. कापड कशाचं ते सांगणारं लेबल मानेवर. ते टोचतं, म्हणून लोक पहिल्याच दिवशी कापतात. मी काय वास घेऊन ओळखू?"

"मग काय करतोस याचं?"

"काय करणार? खड्ड्यात."

हा शब्द टॅमसिनच्या जिव्हारी लागला. कारण ती याचसाठी आली होती. विकलेल्या कपड्याच्या शेवटाची जबाबदारीही कंपनीवरच टाकणारा नवा नियम येऊ घातला होता. तिची मालकीण ग्लेनिस नियम दारात येईपर्यंत बसून राहणाऱ्यातली नव्हती. "आपले कपडे मरतात कुठे, ते बघून ये," तिने फर्मावलं होतं. "आणि शुक्रवारी दाखव. जो नीट सुटा होणार नाही, तो पुढच्या हिवाळ्यात बनणार नाही." यादीत पहिलंच नाव पिवळ्या कोटाचं होतं. टॅमसिनने आयुष्यात केलेला पहिला कोट.

"शुक्रवारपर्यंत मला इथे उभं राहू देशील?" तिने विचारलं.

"एका अटीवर. नुसतं उभं राहायचं नाही," ब्रॅमने तिच्यापुढे ढीग सरकवला. "चल, हात चालव."

मग काय! मंगळवारी तिने चाळीस कपडे सोडवले, ब्रॅमने दोनशे. बुधवारी तिने सत्तर केले तर त्याने टाळ्या वाजवून सगळ्या शेडला सांगितलं. नदीवरून धुकं आत यायचं, बोटं गारठायची, आणि एकाच चहाच्या मगाकडे दोघांचे हात एकाच वेळी जायचे...

"तू घे."

"नाही, तूच घे."

"असं कर, अर्धा तू पी आणि अर्धा मी. इथे सगळं वापरलेलंच चालतं!" तो म्हणाला, आणि टॅमसिन इतकी हसली की हातातली झिप सुटून पडली.

बुधवारी दुपारी शिंपल्यांचं सारण भरलेला स्कॅलप पाय खाताना ती हिरमुसून बसली होती. बटणं सोपी होती, चिकटवण बंद करता येत होती. पण अस्तर शिवायचं तर ते उसवायचं कसं, तेही दोन मिनिटांत?

ब्रॅम उठला. शेडमागे त्याच्या बाबांनी शेतातून पाठवलेलं बटाट्याचं पोतं होतं. त्याने पोत्याच्या तोंडाचा एक दोरा चिमटीत धरला आणि ओढला. सुर्रर्र! अख्खी शिवण एका दमात निघाली आणि बटाटे तिच्या पायांवर गडगडले.

"साखळीचा टाका!" टॅमसिन किंचाळली. "अरे, हा साखळीचा टाका! शेवटचं टोक मोकळं ठेवलं की ओढल्याबरोबर सुटतो!"

"आमच्याकडे चार वर्षांचं पोरही हे करतं," तो म्हणाला. "पण टोक लपव हं, नाहीतर भर रस्त्यात कुणाचा तरी कोट दुभंगायचा."

"खिशात लपवते. लाल दोरा!"

"आणि लेबलही खिशातच लाव. मानेवरचं सगळे कापतात. खिशातलं कुणी कापत नाही."

"तुला कसं माहीत?"

ब्रॅम एकाएकी बटाटे गोळा करण्यात फार गुंतला. टॅमसिन त्याच्या लाल झालेल्या मानेकडे बघत राहिली. त्या खिशात तिने प्रत्येक कोटाला एक इवलीशी पट्टी शिवली होती, तिच्यावर तिची एक ओळ होती. कंपनीत कुणाला ते ठाऊकही नव्हतं. याने कधी...? पण न विचारताच तीही बटाटे गोळा करायला वाकली.

शुक्रवारी कारखान्यात सगळे जमले. साखळीच्या टाक्याने शिवलेला नवा कोट सोडवायला ब्रॅम आला होता, चक्क केस विंचरून! ग्लेनिसने घड्याळ लावलं. ब्रॅमने खिशात बोटं घातली, लाल दोरा ओढला... दोन टाके सुटले आणि दोरा अडकला. त्याने पुन्हा ओढला. गाठ आणखी आवळली.

"दोन मिनिटं झाली," ग्लेनिस म्हणाली. "वाईट वाटतं गं, पण..."

"थांबा!" टॅमसिनने शिवण डोळ्यांजवळ नेली. टोकाशी तीन बारीक टाके मागेपुढे मारून ते पक्कं केलेलं होतं. तिने हळूच मान वळवली. "नोएलीन?"

चाळीस वर्षं मशीनवर बसलेली नोएलीन गोरीमोरी झाली. "अगं पोरी, टोक मोकळं सोडायचं? हातच ऐकत नाही माझा! कधी पक्कं केलं ते कळलंसुद्धा नाही."

सगळ्यांत आधी ग्लेनिस हसली. तिनेही याच मशीनवर सुरुवात केली होती. "ग्लेनिस, एकच कोट अजून शिवू द्या," टॅमसिनने हात जोडायचेच बाकी ठेवले. "आत्ता. तुमच्यासमोर."

"शीव. तेवढ्यात माझा चहा होईल."

नोएलीनने शिवण धरली. शेवट आला तसा ब्रॅम मशीनशी वाकला. "नोएलीन... आता... हात वर!" आणि नोएलीनने पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर केले. टोक मोकळं राहिलं!

घड्याळ पुन्हा लागलं. ब्रॅमने दोरा ओढला आणि सुर्रर्र... लोकरीचं अस्तर अलगद टेबलावर उतरलं. बटणं, झिप, सगळं मिळून एक मिनिट वीस सेकंद! कारखान्यात एकच जल्लोष झाला. ग्लेनिसने खिशातलं लेबल वाचलं. "बाहेर सुती, आत लोकर. छान. कोट राहिला." मग तिने चष्मा वर केला. "आणि ही दुसरी पट्टी कसली? 'पाऊस थांबायची वाट...'"

"'...बघू नकोस. निघ,'" ब्रॅमच्या तोंडून पाठ केल्यासारखं बाहेर पडलं.

सगळ्यांचे डोळे ब्रॅमकडे गेले, मग टॅमसिनकडे, मग पुन्हा ब्रॅमकडे. "मला... जरा हवा हवी," असं पुटपुटत तो दाराबाहेर सटकला.

टॅमसिन धावतच मागे गेली. बाहेर वळचणीखाली तो उभा होता, समोर झिमझिम सुरू होती. त्याने खिशातून पत्र्याची चपटी डबी काढून तिच्या हातात ठेवली. आत अकरा पट्ट्या होत्या, खड्ड्यात गेलेल्या अकरा कोटांच्या.

"शिव्या घालत होतो हे अर्धंच खरं होतं," तो म्हणाला. "कोट फेकताना ही पट्टी टाकवेना. वाटायचं, इतका वैतागवाणा कोट शिवणारी बाई असं कसं लिहिते? तिला एकदा भेटायचंच. मग तू आलीस... ओरडत."

"आणि पाच दिवस गप्प राहिलास!"

"कोटाचा निकाल लागायच्या आधी बोलून तुझं लक्ष उडालं असतं, तर?"

"लक्ष तर तसंही उडत होतं रे. रोज. चहाच्या मगापाशी." तिने डबीचं झाकण लावलं आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "मला तू आवडतोस, ब्रॅम. सोमवारपासूनच. सोमवारी फक्त राग जास्त होता."

ब्रॅम हसला. त्याने तिचा गार हात आपल्या हातात घेतला, आणि दोघांपैकी कुणीही तो सोडायची घाई केली नाही.

"आज चहा अर्धा नको, पूर्ण पिऊ या का? नदीकाठी, दोन वेगळ्या मगांत?" त्याने शेवटी विचारलं.

"एकाच मगात. पण पाऊस आहे, आणि आत एक कोट उसवून पडलाय, दुसरा अर्धवट."

"मग? थांबूया?"

त्याचा हात ओढत टॅमसिन पावसात निघाली.