अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

वसमतला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही, इन्व्हर्टर, गेम खेळायचे कन्सोल. मे महिन्यात उकंडरावांचा कन्सोल तिसऱ्यांदा आला. कुरुंद्याच्या पुढं त्यांची हळद पॉलिश करायची गिरणी आहे. तिथल्या ऑफिसात नातवासाठी ठेवलेलं हे जुनं, तीन पिनांचं मशीन. उघडलं की आत पिवळी धूळ, आणि टीव्हीची वायर लागते तिथली चिप जळालेली. तिन्ही वेळा तीच.

"ताई, तुमी दुरुस्त करून राहिल्या का बिघडवून?" उकंडराव फोनवर म्हणाले.

चिप बदलल्यावर माझ्या टेबलावर ते दोन दिवस न थांबता चाललं. म्हणजे दोष मशीनमध्ये नव्हता. जिथं बिघडतं तिथंच मोजायला हवं होतं. दुपारी मीटर आणि कन्सोल घेऊन गिरणी गाठली.

ऑफिस सृष्टीनं उघडलं. एकोणीस वर्षांची पोरगी. तिची आई कमलबाई मार्चमध्ये इथंच, पॉलिशच्या ड्रमला हात लावताना शॉक लागून गेली. कागदावर लिहिलंय: ओल्या हातानं मशीन हाताळलं, चूक तिचीच. आता त्याच ड्रमवर सृष्टी उभी असते.

ड्रम गडगडत होता. मीटरचं एक टोक मी सॉकेटमधल्या अर्थिंगला लावलं, दुसरं न्यूट्रलला. शून्याच्या आसपास यायला हवं. एकशे नव्वद व्होल्ट आलं.

मोटारीतून गळणारा करंट अर्थिंगच्या तारेत उतरत होता आणि तारेला जमिनीत जायला वाटच नव्हती. म्हणून तो गिरणीतल्या प्रत्येक लोखंडाला चढत होता. कन्सोलच्या पत्र्याला. ड्रमला.

"सृष्टी, त्या ड्रमजवळ जाऊ नकोस," मी म्हणाले. "अर्थिंगचा खड्डा कुठं आहे?"

"मागं. आई रोज सकाळी घागरभर पाणी घालायची त्यात. मालक म्हणायचे, खड्डा ओला ठेव, शॉक लागत न्हाई. अकरा वर्षांत एक दिवस चुकली न्हाई."

तेवढ्यात लाईट गेली. ड्रम मंदावत थांबला. त्या शांततेत हळदीचा वास अचानक दाट झाला, कच्चा, ओला, जणू कोणी आताच उकडून काढली. टीव्हीखाली पडलेला गेमचा कंट्रोलर थरथरू लागला.

मी तो उचलला. सेल काढले. थरथर थांबली नाही. ताप चढलेल्या माणसाचा हात धरल्यासारखं वाटत होतं.

"ताई..." सृष्टी हळूच म्हणाली, "बाहेर चला..."

मागची सगळी जमीन उन्हानं तडकली होती. खड्डा मात्र ओला. काठावर पाणी अजून मुरत होतं.

"तू घातलंस?"

"न्हाई... आई गेल्यापासून इकडं कोणीच येत न्हाई..."

मी खोरं घेतलं. खड्ड्यातला पाइप हातभरच निघाला. खाली ना तांब्याची पट्टी, ना मीठ, ना कोळसा. तारेचं टोक मातीत नुसतं वेटोळं करून दाबलेलं. अकरा वर्षं ती बाई या थापेला पाणी घालत होती.

"काहून खणून राहिल्या?" मागं उकंडराव उभे होते. "गेम दुरुस्त करायला बोलावलं होतं."

"त्याचाच दोष दाखवतेय."

"कॉलेज शिकलं की सगळीकडं दोषच दिसतात. बाईचे हात ओले होते. पंचनाम्यात बराबर लिहिलंय."

सृष्टीनं मान वर केली. "तुमीच ओले करायला लावले होते, मालक."

उकंडराव पाठ फिरवून गिरणीत गेले.

आकडे, फोटो, माझी सही, सगळं त्याच आठवड्यात तहसील कचेरीत दिलं. महिना झाला. मी रोज विचारायला जाते, साहेब रोज जेवायला गेलेले असतात. सृष्टीच्या आईची चूक अजून कागदावर तशीच आहे. कन्सोल आणि कंट्रोलर पुरावा म्हणून माझ्याकडं ठेवलेत. सेल वेगळ्या डबीत.

आज सकाळी दुकानाच्या मागं गेले. पाऊस अजून नाही, तरी माझ्या अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती ओली होती. मी तिथं कधीच पाणी घातलेलं नाही. जागा भाड्याची. घरमालक म्हणाला होता, खाली पट्टी आहे, बराबर. मी, जगाच्या वायरी मोजणारी, त्याच्या शब्दावर राहिले.

पाण्याला हळदीचा वास येत होता. आत, बंद दुकानात, टेबलावर काहीतरी थरथरत होतं...