धुऱ्यावरची हजेरी

रिसोडच्या स्टँडवरची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि सोयाबीनच्या सोंगणीत, सगळे कापणीला शेतात असताना, ती भरतच नाही. मला साडेदहाच्या आत शाळा गाठायची होती. एक अनोळखी मोटारसायकलवाला आमच्याच गावाचा रस्ता विचारत होता. मी सरळ त्याच्या मागे बसले.

"बसू काय, असं इचारत असतेत," तो म्हणाला.

"रस्ता पायजे का नाई तुमाले?"

तो हसला. आरशात त्याचे डोळे दिसले... बरे होते. पण मी त्या दिवशी पेटलेली. वाटेत सगळं बोलून टाकलं— आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट मोजायला आज कोणी साहेब येणार, वीसच्या खाली भरला की शाळा बंद, आणि सहा-सात वर्षांची लेकरं नाला ओलांडून तीन किलोमीटर जाणार.

"येऊ दे त्या साहेबाले, त्याचीच हजेरी घेते!"

"घ्या," शाळेपाशी गाडी लावत तो म्हणाला. "मीच तो. गजेंद्र. शिरपूरले मास्तर हाय, या कामाले लावलं मले."

मी लाजले नाही. फार तर कान तापले.

वर्गात लेकरं सातच होती. त्यानं पेन काढलं.

"थांबा! सोंगणीत माही हजेरी धुऱ्यावर होते."

लेकरं आईबापांबरोबर शेतात असतात, म्हणून चार वर्षं मी या दिवसांत छोटा फळा काखेत मारून शेताच्या बांधावर जाते. लेकरं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्याकडे जाते, एवढंच.

"पन नियमात, वर्गात हजर असंन तोच..."

"नियमाले पाय नाईत. तुमाले हायेत. चला."

तो माझ्या मागून चालू लागला. सोयाबीनच्या खुंटांनी त्याचे बूट ओरबाडले, तरी चालतच राहिला. गोमतीबाईच्या शेतात पोचलो, तेव्हा तिनं विळा थांबवून त्याला खालून वर न्याहाळलं.

"मॅडम, पाहुना कोन?"

"पट मोजायले आले."

"मोजा म्हना. पन शाळा नेली, तं गाठ माह्याशी हाय!"

तिची रुचिका दुसरीत. तिनं न अडखळता धडा वाचला. गजेंद्र तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसला आणि म्हणाला, "अजून एक वाच ना..." खरं सांगते, तिथेच मी घसरले.

शेतांमधली बारा भरली. सात आणि बारा, एकोणीस.

"एक नाव... वाढवू काय?" त्यानं हळूच विचारलं.

"खबरदार! खोट्या पटावर शाळा नाई चालवत मी. एकोणीसच लिहा. आन खाली हेबी लिहा, का एकोणीसच्या एकोणीस वाचतेत."

त्यानं तसंच लिहिलं, आणि खाली सही करताना माझ्याकडे पाहिलं— जरा जास्तच वेळ.

दिवाळीनंतर बंद करायच्या शाळांची यादी आली. आमचं नाव तिसरं. त्या शनिवारी शाळा सुटता सुटता तो पुन्हा दारात उभा!

"आता काय मोजायले आले?"

"तुमच्या इथं दुसऱ्या मास्तराची जागा रिकामी हाय. मी मागतली."

"येडे झाले काय? शिरपूरले बस दारात थांबते तुमच्या. आन ही शाळा यादीत हाय!"

"तुमी बंद होऊ देसान काय?"

"नाई."

"मंग मी काहून भिऊ?" त्यानं अर्जाची प्रत माझ्यापुढं धरली. "आन... अर्ज अर्धाच शाळेसाठी हाय."

"उरलेला?"

"तुमच्यासाठी."

मला तो आवडत होता, त्या धुऱ्यापासूनच. लपवायचं कशाला?

"उरलेला मंजूर," मी म्हणाले. "शाळेचा लढून मंजूर करून घेऊ. उद्या ग्रामसभा हाय, शाळा देनार नाई असा ठराव गाव मांडून राह्यलं. माह्या बाजूले बसा. सगळ्यायसमोर."

"लोक बोलतीन, वैजयंती..."

पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली.

"बोलू दे," मी म्हणाले. "तुमी फक्त उठू नका."