पहिल्या फेरीची खुर्ची

बुधवारी आमच्या भागातली वीज बंद असायची, त्यामुळं सुरतेत आमचा रविवार बुधवारी यायचा. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याला इथं खातं म्हणतात. सगळी खाती त्या दिवशी थंड. मग नवागामच्या नाक्यावर हिलालभाऊच्या चहाच्या हातगाडीपाशी, इथल्या भाषेत लारीपाशी, आम्ही खानदेशी मंडळी जमायचो आणि तोंडाची लूम चालू करायचो.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात विषय एकच होता. कडोदऱ्याच्या पुढं, हायवेला लागून रंगनगरी नावाचा पार्क होता. पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, मोठा पाळणा होता. एका गुजराती पेपरात चार ओळी आल्या की तिथं आता रोलर कोस्टर येणार. चारच ओळी. माझ्या धाकट्या भावानं, कुंदननं, त्यावर चार महिने काढले.

कुंदन तेव्हा बावीसचा. लूमवर कारीगर होता. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर दातेरी चाकात गेलेलं, त्यामुळं ते बोट टोकाला चपटं आणि रुंद झालं होतं. रंगनगरीची फाटकी तिकिटं हा पठ्ठ्या देवाच्या फोटोमागं जपून ठेवायचा. माय ओरडायची, तो हसायचा.

"उंच किती असंल?" सुकलाल विचारायचा. सुकलाल आमच्या गल्लीतला वेल्डर, त्याला लोखंडाची भाषा कळायची.

"उधन्याच्या पाण्याच्या टाकीएवढी तरी."

"आणि उलटी होईल का रे गाडी?"

"उलटी गाडीला नाही, बसणाऱ्याला होईल," हिलालभाऊ गाळणी झटकत म्हणायचा, आणि सगळे खिदळायचे.

कुंदननं एका डिझाइनवाल्याकडून जॅकार्डची नक्षी काढायचा चौकटीचा कागद मागून आणला. ज्याचा जो अंदाज पटेल तो त्यावर पेन्सिलीनं मांडायचा. खांब एकतीस. डबे पाच, डब्यात चौघं, खुर्च्या वीस. एकदा हिलालभाऊच्या ग्लासाचा गोल डाग कागदावर उठला. कुंदननं रूळ त्या डागाला वळसा घालून नेले. म्हणाला, "इथं विहीर समजा." नववा खांब एक चौकट आखूड निघाला. खोडरबर कुणाकडं असणार? तो तसाच राहिला. खुर्च्यांच्या चौकटींत त्यानं नावंही घातली. पहिल्या रांगेत 'माय' आणि 'मी'. मागच्या रांगेत 'दादा', म्हणजे मी, योगेंद्र.

"माय, पयल्या फेरीमा तुले बसाडसू," तो म्हणायचा.

"माले नही बसनं बाबा तठे!"

"आखाजीले झोका खेयस ना तू? तसाच झोका शे तो. जरा मोठा."

सप्टेंबरात प्लेगची बोंब उठली. आठ दिवसांत अर्धी सुरत रिकामी झाली. उधना स्टेशनात लोक खिडक्यांतून गाडीत शिरत होते. नेमका त्याच सकाळी मला ताप भरला. खोकला आला की माय फडकं उजेडात धरून बघायची, रक्त आहे का.

मी कुंदनला म्हणालो, "तू पुढं हो. गावी जाऊन घर उघड. आम्ही मागच्या गाडीनं येतो."

तो उंबऱ्यात उभा राहिला. गेला, परत आला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा गेला. कागद माझ्या उशाखाली ठेवून गेला.

मागच्या गाडीनं आम्ही गेलो नाही. चौथ्या पहाटे ताप उतरला असं माय सांगते. मला ती पहाट आठवत नाही. मायलाही कणकण होती, ती तिनं अंगावरच काढली. आमच्या गल्लीत मागं राहिलेले म्हणजे आम्ही दोघं, सुकलाल आणि लारीवाला हिलालभाऊ. बाकी दारांना कुलपं होती.

आमच्या गावाचं स्टेशन अमळनेर, तिथं कुंदन उतरलाच नाही. मी फोटो घेऊन नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, सगळी स्टेशनं पालथी घातली. कुणी धड बघितलंही नाही. गावाला पत्रं टाकली, एकाचंही उत्तर आलं नाही. परत येऊन मी कामाला लागलो. माझं काम तयार कापड तपासायचं. काचेच्या टेबलाखाली दिवा असतो, वरून कापड सरकतं, मी खोट शोधतो. तुटलेला धागा, गाठ, डाग. दिवसभर तेच. रडू आलं नाही. भूकही लागायची नाही. तापापासून माझ्या जिभेची चवच गेली होती. मिरची खाल्ली काय आणि कागद खाल्ला काय, सारखंच. डॉक्टर म्हणाला, गोळ्यांनी होतं, येईल परत. मी म्हटलं बरं.

मायचं दुःख वेगळंच होतं. आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांना जेवायला बोलावतात. सकाळी घरातली बाई एकेका मेलेल्या माणसाचं नाव घेते आणि उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढते. मग मातीची नवी घागर भरतात, वर खरबूज, सांजोऱ्या, आंबे. दुपारी निखाऱ्यावर घास टाकतात. ते पाणी, तो घास त्यांना पोचतो. आता कुंदनचं बोट ओढायचं की नाही? ओढलं तर पोरगं मेलं असं आईनंच म्हटल्यासारखं. नाही ओढलं आणि खरंच गेला असेल, तर तहानलेला दारात उभा.

हिलालभाऊ समजावायचा, "मंगलाबाई, दोन आखाज्या गेल्या. पोराची घागर भरा. उगा जीव टांगून ठेवू नका."

माय म्हणायची, "त्यानी सांगेल शे, पयल्या फेरीमा बसाडसू. ती गाडी चालू होऊ दे. तव्हय उना नही तर मी बोट ओढसू."

तोवर कुंदन आला नाही तरच बोट ओढायचं, असा निकाल तिनं त्या गाडीवर सोपवला, आणि मला त्या गाडीचा नाद लागला. शौक नव्हता हो, नुसती गरज. कधी सुरू होणार एवढंच मला हवं होतं. शहाण्णवच्या दिवाळीनंतर पार्कवाल्यांनी काम सुरू केलं आणि सुकलालला तिथं वेल्डिंग मिळालं. लारीवर पुन्हा अंदाजांचा बाजार भरला. फरक एवढाच, की आता सुकलाल खरी बातमी आणायचा.

"खांब एकतीस आहेत," एका बुधवारी तो म्हणाला.

एकतीस काय, कुणीही म्हणेल.

पुढच्या बुधवारी म्हणाला, "रूळ मधेच वळवले. खणताना खाली जुनी विहीर लागली."

मी घरून कागद आणला. हिलालभाऊनं चष्मा लावला आणि आपल्याच ग्लासाचा डाग बघून तो कपाळावर सरकवला. मी म्हटलं, जुन्या शेतात विहीर निघणारच, त्यात नवल काय. सुकलालनं मान डोलावली. चहा मात्र त्यानं अर्धाच प्यायला.

मग नववा खांब आला. कारखान्यातूनच आखूड आला होता. खाली लोखंडी ठोकळा घालून जुळवला, असं सुकलाल सांगत होता.

माझ्या धंद्यात एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. दोन लूमवर एकच नक्षी निघते. पण एका कापडातली खोट दुसऱ्या कापडात त्याच जागी कधी येत नाही. तेरा वर्षांत मी पाहिलेली नाही.

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, बरंही वाटलं नाही.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात गाडी तयार झाली. वाळूच्या गोण्या खुर्च्यांवर बसवून तिला माणसांशिवाय फिरवत होते. खुर्चीला वरून एक आडवा दांडा असतो. रिकाम्या खुर्चीवर तो कटकट करत थेट खाली जातो, माणूस असला की पोटाशी अडतो.

"पहिल्या रांगेतली डावी खुर्ची," सुकलाल म्हणाला. "गोणी नसली की दांडा मधेच अडतो. गोणी ठेवली तर गोणी खाली पडते."

"स्प्रिंग असेल."

"तीनदा बदलली." तो माझ्याकडं बघेना. "योगेंद्रभाऊ, अडतो तो कुंदनच्या पोटाच्या मापानं."

"माप घेतलंस का तू त्याचं?" मी जरा चिडूनच विचारलं.

तो उठून कामावर निघाला.

पार्क लोकांना खुला व्हायच्या आधी कामगारांच्या घरच्यांना फुकट फेरी होती, आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला. मायनं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं. टेम्पोनं कडोदऱ्यापर्यंत, पुढं पायी. ऊन रणरणत होतं. रंगारी आठ दिवसांपूर्वी काम संपवून गेले होते, लोखंड कोरडं ठाक होतं. गाडीपाशी चढायला सिमेंटचा ओटा केला होता. माय चढली तेव्हा मी त्याचा काठ नीट बघितला, तिचा पाय अडखळू नये म्हणून. काठ कोरा होता. खोट शोधणं माझी सवय आहे, हे लक्षात घ्या.

माय पहिल्या रांगेत उजवीकडं बसली. डावी खुर्ची रिकामी. मी मागच्या रांगेत बसायला निघालो तर ती म्हणाली, "तू खालेच थांब." मी थांबलो.

दांडे खाली आले. कट, कट, कट. मागच्या रिकाम्या खुर्च्यांवरचे तळाला टेकले.

मायच्या पोटाशी एक अडला.

तिच्या शेजारचा हवेत अडला.

मायनं मान डावीकडं वळवली. बराच वेळ तशीच ठेवली. मग पदर सावरला.

गाडी चढली. एक एक खांब मोजत मी बघत होतो. नवव्याला ती किंचित दचकली, विहिरीला वळसा घातला, आणि खाली आली. कुणीतरी ओरडत होतं. माय नव्हती.

ती उतरली तेव्हा तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. उजव्या हातानं डावा पंजा दाबून धरला होता.

"त्यानी मना हात धरेल व्हता," ती म्हणाली. "तेच बोट."

"माय, ऊन लागलंय तुला. चल."

"थांब." ती खाली बघत होती.

ओट्याच्या काठावर, जिथून ती चढली होती तिथं, दोन लाल रेघा होत्या. बोटानं ओढलेल्या, शेजारी शेजारी. सुकलालनं वाकून हात लावला. ओल्या होत्या. लोखंडाला मारायचा लाल रंग असेल असं तो म्हणाला, मग त्यानं बोट हुंगलं आणि कपाळाला लावलं. रेघा रुंद होत्या, टोकाला चपट्या. मी माझं बोट वर धरून बघितलं. माझं बारीक पडलं.

माय एकदम मोठ्यानं रडली. तीन वर्षांत प्रथमच.

"मना आंडोर, मना कुंदन, जित्ता शे!" ती म्हणाली. "बोट जित्ता माणूसच ओढस. मरेल माणूस कसाले ओढी? जित्ता शे रे तो, कठे तरी घर मांडीसन बठेल शे!"

सुकलाल तिच्याकडं बघत होता, मग माझ्याकडं बघायला लागला. मी रेघांकडं बघत होतो. एक. दोन.

"माय," मी विचारलं, "ही दोन बोटं कुणाची?"

तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे. टेम्पोत ती सगळा वेळ झोक्याचं गाणं गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळी तिनं उंबरा धुतला आणि नावं घेत बोटं ओढली. आजोबांचं, आजीचं, बापाचं. चौथं ओढलं नाही. कुंकवाची वाटी झाकून ठेवली. चेहरा इतका निवांत होता की मला तिच्याशी बोलवेना.

दुपार झाली. स्वयंपाक चुलीवरच होता, मी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. दारात बसलो होतो. गल्लीत ऊन होतं, कुणी नव्हतं.

माझा घसा गार झाला.

आधी नव्या मातीचा वास आला. मग पाणी उतरलं, घोट घोट. मग तूप, गूळ, सांजोरीचा खुसखुशीत काठ आणि आंबा. तीन वर्षांनी माझ्या जिभेला चव आली होती. हात माझे मांडीवर रिकामे होते. कुठंतरी कुणीतरी निखाऱ्यावर घास टाकला होता.

मी वळून बघितलं. माय चुलीपाशी ताट न वाढताच उभी होती. तिनं आवंढा गिळला आणि पदरानं ओठ टिपले. आमचा दोघांचाही घास अजून संपला नव्हता, म्हणून कुणी काही बोललं नाही.