एकतीस परके दाखले

इनासने कागद टेबलावर आपटला, तेव्हा समोरच्या माणसाने फलाफलचा पहिलाच घास घेतला होता.

"माझे सत्तावीस दाखले कुणी खाल्ले?"

त्याने घास कसाबसा गिळला. "मी नाही, डॉक्टरबाई... मी तर फक्त फलाफल..."

"विनोद पुरे! गेल्या वर्षी अठ्ठावन्न होते. यंदा एकतीस. महिनाअखेरीस माझी बढतीची फाईल जायची आहे!"

रसायनशास्त्रज्ञाचं वजन याच तराजूत होतं: शोधनिबंध किती लिहिले, आणि इतरांनी त्यांचा दाखला किती वेळा दिला. अलेक्झांड्रियातल्या त्या संस्थेत ही मोजणी वाचनालयातला कारकून बहगत करायचा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात त्याचे कागद फडफडत होते.

"अठ्ठावन्नातले वीस दाखले तुम्हीच स्वतःला दिलेत," तो हळूच म्हणाला. "सात तुमच्या विभागातल्यांनी. घरचे दाखले यंदा मी वगळले. सगळ्यांचेच."

इनासचे कान तापले. राग तर होता, पण टाकायचा कुणावर? "सगळ्यांचे? शौकतसाहेबांचेसुद्धा?"

"विभागप्रमुखांचे नऊशे होते. उरले एकशे चार."

तिला हसू फुटलं, आणि लगेच संतापही आला. ईदला कहक बिस्किटांची ताटली शेजारी पाठवावी आणि ती भरून परत यावी, तशी विभागात दाखल्यांची देवघेव चाले. शौकतसाहेबांकडे मात्र ताटल्या नुसत्या जायच्या. तिने स्वतः आपल्या दर निबंधात त्यांच्या पाच निबंधांचे दाखले घातले होते, त्यातले दोन तर न वाचताच! अकरा वर्षं!

"पण हे एकतीस बघा," बहगतने कागद पुढे सरकवला. "सगळे परके. हनोईची एक बाई लिहिते, तुमची लिंबूसत्त्वाची कृती त्यांनी करून पाहिली आणि पहिल्याच खेपेला जमली."

"तुम्ही... वाचलंत?"

"एकतीसही."

"रसायनशास्त्र कळतं तुम्हाला, उस्ताद बहगत?"

"काडीचं नाही. पण 'जमली' म्हणजे काय, ते कळतं."

त्याने मान वर केली. तिने खाली घातली.

मग तिला रोज वाचनालयात काम निघू लागलं. कधी जुना अंक हवा, कधी तोच परत करायचा.

"हा अंक तुम्ही तिसऱ्यांदा नेताय," तो म्हणाला.

"समजायला अवघड आहे."

"मुखपृष्ठच तर पाहताय मघापासून."

फाईली जायच्या आधीच्या गुरुवारी शौकतसाहेबांनी तिला खोलीत बोलावलं. वाचनालयाची मोजणी चुकीची आहे, असं लिहिलेला कागद टेबलावर होता. खाली सोळा सह्या.

"कर सही, पोरी. तुझी फाईल माझ्याच हातात आहे."

"मोजणी बरोबर आहे, डॉक्टरसाहेब."

"एका कारकुनासाठी एवढं?"

"तुमच्यासाठी अकरा वर्षं खोटं लिहिलं, तेव्हा नाही विचारलंत!" तिने कागद मागे सरकवला. "आणि नव्या निबंधातले तुमचे पाच दाखले मी काढलेत. त्यांचा माझ्या कामाशी काडीचा संबंध नव्हता."

रविवारी सगळ्यांच्या फाईली गेल्या. तिची राहिली.

ती वाचनालयात आली, तर बहगत खोक्यात पुस्तकं भरत होता. त्याची बदली झाली होती, तळघरात, जुन्या दप्तरांत.

"एक वर्ष, बहगत! माझं अख्खं एक वर्ष अडवलं त्यांनी! आणि तुम्हाला उंदरांत धाडलं! लाज कशी वाटत नाही या लोकांना?"

तो थबकला. "काय म्हणालात?"

"लाज नाही म्हटलं!"

"त्याच्या आधी. रोज 'उस्ताद बहगत' म्हणता, आज नुसतं 'बहगत'."

तिने चेहरा फिरवला. डोळ्यांतलं पाणी रागाचंच होतं... बहुतेक.

"तुमचे वडील," तो खोक्याकडे बघत म्हणाला, "शुक्रवारी नमाजानंतर घरी असतात?"

"असतात. पण ते विचारतील, तळघरात बसणाऱ्या माणसात काय पाहिलंस?"

"मग... काय सांगाल?"

इनासने खोक्याची दुसरी बाजू उचलली.

"सांगेन, सोळा जणांनी सह्या केल्या, तरी आकडा बदलला नाही त्याने. चला, जिना कुठे आहे?"