पाच मिनिटं मागे

ओंजळीत रुमाल आणि रुमालात कॉम्प्युटरचा प्रोसेसर... अशी ती घड्याळांच्या दुकानात शिरली.

"बंद पडलंय?" तरुण घड्याळजीनं विचारलं.

"मीच पाडलंय."

कॉम्प्युटर तिनं स्वतः एकेक भाग आणून जोडला होता. "तयार आणला असतास तर हात मोडले असते का?" असं दादा तेव्हापासून ऐकवत होता. आज सहाच्या आत तिला आपली दोन मिनिटांची कार्टूनफिल्म पाठवायची होती. पसंत पडली तर नोकरी! पण त्याआधी घरघरणारा पंखा साफ करायला म्हणून तिनं तो ओढला, तर त्याला चिकटलेला प्रोसेसरही उपसून आला आणि फरशीवर पडला. खालच्या चार पिना वाकल्या.

"समोरचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, नवा घ्या. आठवड्यानं मिळेल."

त्यानं डोळ्याला भिंग लावलं. "केसाएवढ्या आहेत. मी कधी केलेलं नाही... पण बघतो. तुम्ही श्वास घेत राहा हं, नाहीतर मलाही रोखावा लागतो."

ती हसली. चिमट्याच्या टोकानं पहिली पिन उभी राहिली. मग दुसरी. तिसरीला बराच वेळ लागला. तिनं भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे पाहिलं. "साडेपाच. घर दहा मिनिटांवर. जमेल!"

चिमटा थांबला.

"पाच मिनिटं कमी धरा. ते घड्याळ मागे आहे."

"काय? मी रोज रस्त्यावरून त्यात बघून बसला जाते. रोज बस चुकते माझी!"

"माहितेय..." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मीच मागे लावलंय. बस चुकली, की तुम्ही दुसरी येईपर्यंत समोरच्या थांब्यावर उभ्या राहता."

तिनं बाहेरच्या थांब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आता माझा हात थरथरतोय," तो पुटपुटला. "शेवटची तुम्हीच करा."

तिनं भिंग डोळ्याला लावलं. बोट स्थिर ठेवलं. पिन हळूच... सरळ झाली.

ती पळतच घरी आली. पिना बरोबर भोकांत बसवल्या, वर पंखा घट्ट केला, बटण दाबलं. पडदा काळा. दादानं तोंड उघडलं... आणि पडदा उजळला! दादा तसाच आ वासून राहिला. "वा गं पठ्ठे!" एवढंच शेवटी त्याच्या तोंडून निघालं.

सहाला दोन मिनिटं असताना फिल्म गेली.

धापा टाकत ती पुन्हा दुकानात आली, तेव्हा तो स्टुलावर चढून मोठ्या घड्याळाचा काटा पुढे सरकवत होता.

"गेली?"

"गेली! आणि तुम्ही हे काय करताय?"

"वेळ बरोबर लावतोय. चुकलंच माझं."

"हात काढा आधी तिथला," ती म्हणाली. मग नजर चोरून, हळूच – "पाच मिनिटांत काय बोलून होणार? दहा मिनिटं मागे लावा."