अकरा खिशांचं जॅकेट

मामा खाली वाकला आणि स्वतःच्या बुटाची नाडी स्वतःच बांधू लागला, तेव्हा शंकाताईचा ब्रश दातांवरच थांबला.

सुट्टीसाठी ती आणि तिचा भाऊ ढब्बू मामाकडे आले, त्याला आठ दिवस झाले होते. मामा किमती माल नेणाऱ्या गाडीवर पहारेकरी. आत गोळी अडवणाऱ्या जाड प्लेटा असलेलं बुलेटप्रूफ जॅकेट चढवलं की त्याचा पार खांब व्हायचा आणि नाड्या बांधायला त्याची लेक चिमटी लागायची. आज मात्र स्वारी आरामात वाकली होती, वर शीळही घालत होती. हे काही खरं नव्हतं.

विचारल्यावर मामा खुलला. म्हणे, काल शिंपीकाकांकडून अकरा खिसे लावून घेतले. टॉर्च, शिट्टी, चाकू, दोरी, बॅटऱ्या, मलम, सगळा संसार आता अंगावरच. आणि फिटिंग तर असं, की काही घातलंय असं वाटतच नाही.

शंकाताईने जॅकेटवर बोट दाबलं. ते मामाच्या पोटात रुतलं.

"मामा, यात प्लेटा नाहीत."

"मामीला माग, फडताळात असतील," खिसे भरता भरता मामा म्हणाला.

खिशांच्या नादात मामा पुढचं काही ऐकेना, आणि गाडी यायला वीसच मिनिटं होती. बाबांना गोळी लागली तर मध्ये नुसतं कापड, या विचाराने चिमटीचे डोळे भरून आले. रडायचं नंतर, आधी बाबांना अडकव, असं शंकाताईने तिला बजावलं. चिमटीने टेबलावरच्या किल्ल्या हळूच फ्रॉकमध्ये लपवल्या आणि साळसूदपणे विचारलं, किल्ल्या कुठल्या खिशात ठेवल्यात? झालं. मामा एकेक खिसा उपसू लागला. अकरावा संपला की त्याला पहिल्याचा संशय यायचा.

इकडे शंकाताई आणि ढब्बू धावत शिंपीकाकांच्या दुकानात पोचले. एका प्लेटवर गरम इस्त्री टेकवलेली, दुसरीवर चहाचा ग्लास.

"त्या फरशा होय? सुई जाईना, म्हणून काढल्या," काका म्हणाले. आकार राहावा म्हणून आत पुठ्ठा घातलाय, तोही दुहेरी, हे त्यांनी उपकार केल्यासारखं सांगितलं.

प्लेटा जड होत्याच, शिवाय पडल्या तर तडा जाणार. म्हणजे घाई तर आहे, पण पळायची सोय नाही. ढब्बू आपली प्लेट तान्ह्या बाळासारखी पोटाशी धरून चालत होता, आणि चुकून कुणाचा धक्का लागला की त्या माणसावर खेकसत होता.

घरी पोचले तेव्हा मामाची तिसरी फेरी चालू होती आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. शंकाताईने जॅकेटमधला पुठ्ठा ओढून मामाच्या हातात दिला. त्यावर छापलं होतं, 'पांढरे शर्ट, सहा नग'. मामाने ते दोनदा वाचलं आणि मटकन खुर्चीत बसला.

आवाज ऐकून मामी बाहेर आली. तिला सगळं कळलं.

"अकरा खिसे," ती म्हणाली, "आणि अक्कल एकाही खिशात नाही."

प्लेटा आत बसल्या. मामाने तिघांना जवळ घेतलं. "मी लोकांच्या मालाची राखण करतो रे. माझी तुम्ही केलीत."

मामीने त्याच्या छातीवर बोटांची पेरं वाजवली. ठक ठक. मग पाठीवर. ठक ठक.

"आता जा," ती म्हणाली.

तेव्हापासून रोज ती मामाला दारात उभं करते, पुढून मागून वाजवून बघते, आणि मगच कडी काढते.