एक्केचाळीस नंबरचा प्रिंटर

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी टेबलाखाली होते. प्रिंटर नेटवर्कवरून गायब झाला होता आणि मी तारा ओढून बघत होते.

"काही हरवलंय का?"

घाईने उठताना माझं डोकं आपटलं. तो हसला नाही, पण डोळे हसलेच...

तळघरातल्या नकाशा विभागात मी एकटीच. जुने नकाशे स्कॅन करायचे, छापायचे, गुंडाळून नळ्यांत घालायचे. दिवसदिवस तोंड उघडायची वेळ येत नाही. घरी गेलं तरी वाट बघायला फक्त कुलूप.

त्याने माझ्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून एक ओळ टाइप केली. आकड्यांची यादी सरसर उतरली.

"इमारतीत आत्ता जी यंत्रं जोडलेली आहेत, ती सगळी इथे दिसतात. तुमचा प्रिंटर एक्केचाळीस. तो दिसेनासा झाला की चौथ्या मजल्यावर, आमच्याकडे फोन करायचा."

"आणि तुम्ही?"

"मी?" तो गडबडला. "म्हणजे... माझा लॅपटॉप सतरा."

झालं! दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी ती ओळ टाइप करू लागले. दहा वाजून दहा मिनिटांनी सतरा उगवायचा, आणि माझा एकटीचा चहाही गोड लागायचा. एक्केचाळीसकडे बघतंय कोण?

मग मी प्रिंटरचं बटणच बंद करू लागले. हो, मुद्दाम! तो यायचा, बटण दाबायचा आणि अर्धा तास रेंगाळायचा.

"तुमचा प्रिंटर दर बुधवारीच कसा रुसतो हो?"

"त्यालाच विचारा ना."

"विचारलं. तो म्हणतो, मालकिणीला विचारा."

मी उगाच नळीचं झाकण शोधत बसले. सांगून टाकायला हवं होतं — पण आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले. एका शुक्रवारी तोच म्हणाला, "सोमवारपासून माझी बदली झालीय. शहराच्या दुसऱ्या टोकाला."

ओठांवर आलेलं सगळं गिळून मी म्हटलं, "अभिनंदन." असं कुणी म्हणतं का! तो जरा थांबला... आणि गेला.

सोमवारी यादीत सतरा नव्हता. मंगळवारीही नव्हता. तरी मी बघतच राहिले. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे त्या दिवसांत फार टोचलं.

तिसऱ्या आठवड्यात सतरा दिसला! मी चौथ्या मजल्यापर्यंत धावत चढले. त्याच्या खुर्चीत कुणी भलताच चष्मेवाला बसला होता.

"सतरा...?" मला धाप लागली होती.

"तो नंबर होय? मोकळा होता, माझ्या लॅपटॉपला मिळाला."

डोळे भरून आले, म्हणून मी पाठ फिरवली.

"थांबा, तुम्ही तळघरातल्या का?" त्याने वही उघडली. "आधीच्यांनी जाताना सूचना लिहून ठेवलीय. 'तळघरातला एक्केचाळीस दिसेनासा झाला तर तुम्ही जायचं नाही. मला कळवायचं, मी येईन.' खाली दोनदा रेघ मारलीय बघा. चालू आहे ना तुमचा प्रिंटर?"

"आहे," मी म्हटलं. "पाच मिनिटं थांबा."

आणि जिना उतरून मी बटण बंद केलं.